पाळीचा डबा, शाळेचा डबा

आमच्या भरवेलीत सकाळ उजाडते ती पाळीच्या हिशोबाने. पहिल्या पाळीचा माणूस अंधारातच मोटारसायकल काढतो, हँडलला डब्याची पिशवी लटकलेली असते. तो गेला की तासा-दोन तासांत त्याच घरातून शाळेचा डबा निघतो. बालाघाटला लागून असलेलं हे गाव मँगनीजच्या खाणीवर उभं आहे. जमिनीखाली खोल जाणारी ही खाण आशियातली सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. इंग्रजांच्या काळात, १८९६ साली या भागातलं मँगनीज शोधायला सिंडिकेट निघाली, पुढे कंपनी झाली, १९६२ साली मॉयल ही खाण चालवणारी कंपनी आली. भंडारा, गोंदिया, नागपूरकडची कितीतरी मराठी घरं इथे येऊन रुजली. एवढं सगळं बदललं, पण पहाटे चुलीपाशी, नंतर गॅसपाशी उभी राहणारी बाई एकटीच राहिली. डबा तिनेच करायचा आणि बाकीच्यांनी फक्त उचलायचा.

मी तीसेक वर्षं असे डबे भरले. आधी नवऱ्याचा, मग मुलाचा, आता नातीचाही. नातीने एकदा मोबाइलवर जपानी डब्यांची चित्रं दाखवली. भाताचं अस्वल, गाजराची फुलं, सॉसेजचा आठ पायांचा प्राणी. तिला तसाच डबा हवा होता. मी त्या डब्याबद्दल वाचत गेले, करून बघत गेले, आणि लक्षात आलं की अस्वल हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. जपानी बेंतोतलं आपल्या घराला खरं उपयोगी पडतं ते डबा भरण्याचं शास्त्र, आणि डबा घरातल्या सगळ्यांनी मिळून करण्याची सवय. ते दोन्ही भरवेलीतल्या साध्या स्वयंपाकघरात, मॉलमधलं एकही सामान न आणता जमतं. कसं, ते सांगते.

बेंतो म्हणजे जपानी लोकांची शिदोरीच. शेतावर, प्रवासाला, नाटकाला जाताना बरोबर न्यायचं जेवण. एदो काळात नाटकाच्या दोन अंकांमध्ये खायचा डबा निघाला, त्याला ‘माकुनोउची’ म्हणतात; त्याचा अर्थच ‘पडदा पडलेला असताना’ असा आहे. रेल्वे आली तसा स्टेशनवर विकला जाणारा डबा आला. १८८५ साली उत्सुनोमिया स्टेशनवर भाताचे दोन गोळे आणि मुळ्याचं लोणचं बांधून विकलं, तो पहिला असं तिथे सांगतात. आणि सगळ्यात साधा डबा म्हणजे पांढरा भात व मधोमध एक लालभडक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. त्यांच्या झेंड्यासारखा दिसतो म्हणून ‘हिनोमारू’. रोज रोज हा डबा नेला की उमेबोशीच्या आंबटपणाने अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणाला भोकं पडायची. हे वाचलं तेव्हा मला माझ्या सासूबाईंचं सांगणं आठवलं: लोणचं जर्मनच्या डब्यात ठेवायचं नाही, ते डबा खातं. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. हा नियम आजही पाळा. आंबट पदार्थ असलेला डबा स्टीलचाच हवा.

आता डबा किती मोठा हवा, इथून सुरुवात करू. जपानी गृहिणींचा एक सोपा ठोकताळा आहे. डब्यात जितके मिलिलिटर पाणी मावतं, नीट गच्च भरलेल्या डब्यातून साधारण तितक्याच किलोकॅलरी मिळतात. म्हणजे बाईमाणसाला ६०० मिलिलिटरचा डबा, अंगमेहनतीच्या पुरुषाला ८०० ते ९००चा, पहिली-दुसरीतल्या लेकराला ४५० ते ५००चा पुरतो. घरातल्या डब्यात मापाने पाणी ओतून एकदा बघाच. आमच्याकडे बघितलं तेव्हा नातीच्या डब्यात जवळजवळ ९०० मिलिलिटर मावत होतं. ती रोज अर्धं परत आणायची आणि आम्ही तिला रोज बोलत होतो. चूक डब्याच्या मापाची होती.

डब्यात काय किती, याचं मापही त्यांनी बसवलेलं आहे: तीन, एक, दोन. डब्याच्या जागेचे सहा भाग धरले तर तीन भाग भात, एक भाग डाळ-अंडं-मासा यांतलं काही, आणि दोन भाग भाज्या. आपल्या घरच्या डब्याशी हे ताडून बघा. चार-पाच पोळ्या, कोपऱ्यात बटाट्याची भाजी, लोणच्याची फोड. त्यात भाजीचा भाग कुठे आहे? बटाटाही पोटभरीचाच पदार्थ. खाणीत जाणाऱ्या माणसाला पोळ्या जास्त लागतात हे मला मान्य आहे, म्हणून त्याचा डबा मोठा घ्या. पण अर्धा डबा पोळी-भात आणि उरलेल्या अर्ध्यात दोन हिस्से भाजी, एक हिस्सा डाळ किंवा अंडं, हा वाटा मोडू नका. पोळी नेत असाल तर चतकोर करून, गुंडाळून उभी लावा. जागा कमी लागते आणि ती मऊही राहते.

आता भात. इथे आपलं नशीब मोठं आहे. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो सुगंधी तांदूळ आपल्या दारातला आहे. जपानी भात चिकट असतो, म्हणून त्याचे गोळे बांधता येतात. आपल्याकडे सरसकट जुन्या तांदळाचा मोकळा भात चांगला मानतात, पण गोळ्यांना नवा तांदूळ हवा. नव्या तांदळाचा भात मऊ आणि चिकटसर होतो. दिवाळीनंतर नवा माल येतो, तेव्हाच हे गोळे शिकून घ्या.

वाटीभर नवा चिन्नोर दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवा. दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ घालून झाकणावर शिजवा, गॅस बंद करून दहा मिनिटं वाफेत राहू द्या. मग परातीत पसरा. हाताला सोसेल इतपत झाला की वळायला घ्या, कारण पूर्ण गार भात एकमेकांना धरत नाही. पण हाताने थेट वळू नका. एका वाटीत ओलं, स्वच्छ मलमलचं फडकं घाला, त्यात दोन चमचे भात, मधे खळगा करून बोरापेक्षा थोडी मोठी तिळाची किंवा जवसाची चटणी, वर आणखी भात, आणि फडक्याची पुरचुंडी करून पीळ द्या. बाहेर पडतो तो घट्ट, गुळगुळीत गोळा. त्याला भाजलेल्या तिळात लोळवा. मासे खाणाऱ्या घरात आत सुक्या झिंग्यांची कोरडी चटणी घाला. जपानी लोक सुक्या माशाचा कीस घालतात, त्याच्या चवीशी ती बरीच जवळ जाते. काळं कागदासारखं समुद्री शेवाळ गोळ्याला गुंडाळतात, ते इथे मिळत नाही आणि त्यावाचून काही अडत नाही.

फडक्याचा आग्रह का, तर हातावरचे जंतू भाताला लागू नयेत म्हणून. दुपारपर्यंत पाच-सहा तास हा भात डब्यात राहणार आहे. यावरून त्या गोष्टीकडे येते जी मला सगळ्यात कळकळीने सांगायची आहे.

एका मे महिन्यात मी मुलाला वाफाळता फोडणीचा भात भरून दिला. गरम खाल्लं की बरं, असंच आपल्याला वाटतं. झाकण घट्ट लावलं, पिशवीत घातला. दुपारी त्याने उघडला तेव्हा भाताला तार सुटली होती, झाकणातून पाणी गळत होतं. तो त्या दिवशी आठ तास जवळजवळ उपाशी राबला. भात नासण्याचं कारण सरळ आहे. शिजवूनही न मरणारे बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भातात असतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ५ ते ६० अंशांमधलं तापमान जंतूंना मानवतं. गरम भात भरून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं, ते खाली पडतं, आणि डबा दिवसभर त्याच तापमानात घुटमळतो. म्हणून जपानी स्वयंपाकघरात नियम आहे: डब्यात जाणारा प्रत्येक पदार्थ आधी गार. भात परातीत पसरून पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं. भाजी ताटलीत मोकळी करून. गोळे वळून झाले की तेही पुन्हा उघड्यावर. झाकण सगळ्यात शेवटी. गरमच न्यायचं असेल तर आधी उकळतं पाणी घालून तापवलेल्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या चांगल्या थर्मासच्या डब्यात कडकडीत गरम भरा. गार चालतं, कडकडीत चालतं. कोमट चालत नाही.

उन्हाळ्यात आणखी जपा. आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा उकडलेला बटाटा, ओलं खोबरं, चिरलेला कच्चा कांदा, टमाटर या चार वस्तू मी डब्यात घालतच नाही. वाटीभर तांदळाच्या भाताला चमचाभर लिंबाचा रस किंवा कैरीचा कीस सगळीकडे कालवते. भाताच्या मधोमध लोणच्याची फोड ठेवली तर तिच्या आजूबाजूचाच भात टिकतो, अख्खा डबा नाही. अंडं असेल तर ते पूर्ण घट्ट शिजलेलं. आदल्या रात्रीची भाजी नेणार असाल तर ती फ्रिजमधून काढून पुन्हा खळखळून तापवा, मग गार करा, मग भरा.

दुसरा नियम कोरडेपणाचा. रसभाजी डब्यात गेली की ती भातात शिरते, पोळी भिजते, आणि पिशवीला वास येतो. आपल्या विदर्भी स्वयंपाकात कोरड्या पदार्थांची केवढी श्रीमंती आहे! पाटवडी घ्या. वाटीभर बेसन दीड वाटी पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं. लसूण, मिरची, जिऱ्याची फोडणी करून त्यात ओतून घोटत राहायचं. गोळा कढई सोडू लागला की तेल लावलेल्या ताटात थापायचा, वर तीळ आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, दाबायचा. गार झाल्यावर दोन बोटं रुंद तुकडे. हा आपल्या डब्यातला ‘एक’ भाग झाला, आणि तो रात्री करून ठेवता येतो. सांबारवडी, कोरडा झुणका, मोड आलेल्या मुगाची परतलेली उसळ, सगळं याच जागी बसतं. अंडं खाणाऱ्यांना जपानी गुंडाळीचं ऑम्लेट आवडेल. तीन अंडी, चमचाभर साखर, मीठ फेटून तव्यावर पातळ थर पसरायचा, शिजत आला की एका कडेने गुंडाळायचा, रिकाम्या जागेत पुन्हा थर, पुन्हा त्याच वळकटीवर गुंडाळायचा. तीन-चार थरांत जाड वळकटी होते. गार झाल्यावर कापली की आतल्या रेघा झाडाच्या वलयांसारख्या दिसतात.

भाज्यांत बरबटीची एक कृती मला इतकी आवडली की आता ती आमच्या घरची झाली. जपानी लोक फरसबीला तिळाचं वाटण लावतात. आपण बरबटीच्या शेंगा बोटभर लांब चिरून मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवायच्या, चाळणीत निथळून फडक्याने टिपायच्या. दोन चमचे भाजलेले तीळ खलबत्त्यात जाडसर कुटून त्यात अर्धा चमचा साखर, मीठ घालायचं आणि शेंगांना चोळायचं. तिळाचा कूट उरलेलं पाणीही शोषून घेतो. पालक, भेंडी, फुलगोबी यांनाही हेच चालतं.

तिसरा नियम, गच्च भरायचा. मोटारसायकल खड्ड्यातून गेली की मोकळ्या डब्यात सगळं एकमेकांत मिसळतं. आधी भात किंवा पोळी एका बाजूने दाबून लावा, कड थोडी उतरती ठेवा. मग वडी, ऑम्लेट असे मोठे तुकडे त्या उतारावर टेकवा. मग भाज्या. शेवटी उरलेल्या फटींत फुटाणे, वाफवलेले वाटाणे, गाजराच्या चकत्या सारा. झाकण लावून डबा एकदा तिरपा करून हलवा. आवाज आला तर अजून जागा आहे. दोन पदार्थांमध्ये आडोसा हवाच. जपानी विकतच्या डब्यात हिरव्या प्लास्टिकची कातरलेली पट्टी असते, ती खऱ्या पानाची नक्कल आहे. आपल्याकडे खरं पान आहे. पळसाचं कोवळं पान किंवा केळीच्या पानाची पट्टी धुऊन, पुसून, कोरडी करून लावा.

खाणीत जाणाऱ्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. मँगनीजची काळी धूळ नखांत, हातांच्या रेषांत बसते. ती वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिली तर मज्जासंस्थेला अपाय होतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. अन्नाबरोबर तरी ती पोटात जाऊ नये, एवढं घरातून करता येतं. हात साबणाने धुणं पहिलं. पण डब्यातला घास असा असावा की बोटं कमीत कमी लागतील. बेंतोतले पदार्थ एका घासाचे असतात कारण ते काड्यांनी उचलायचे असतात. आपण त्याच मापाचे तुकडे करून डब्यात चमचा किंवा काटा ठेवायचा. पोळीत कोरडी भाजी गुंडाळून खालचं टोक स्वच्छ कागदात धरायला द्यायचं. माझा मुलगा आता असाच डबा नेतो.

रंगांचंही थोडं सांगते. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, काळा, असे पाच रंग डब्यात यावेत असा तिकडे प्रघात आहे. याचा फायदा असा की मोजदाद न करता आहारात विविधता येते. आपल्याकडे गाजर-बीट, बेसन-अंडं, बरबटी-पालक-पोपटाचे दाणे, भात, आणि काळे तीळ किंवा जवस. हिवाळ्यात पाचही रंग सहज जमतात, मे-जूनमध्ये तीन जमले तरी पुष्कळ. फुलं, अस्वलं वाढदिवसाला करा. रोज चेहरे कातरत बसलात तर तुम्हीच पंधरा दिवसांत कंटाळाल, आणि अन्नाला हात जास्त लागतो तो वेगळाच.

आता घरातल्या माणसांकडे वळते. आमच्याकडे कामं वाटलेली आहेत आणि ती रात्रीच सुरू होतात. जेवणं झाली की नवरा तीळ भाजतो, लसूण सोलतो, शेंगा चिरून ठेवतो. हे काम त्यांनी साठीनंतर हाती घेतलं आणि आता ते कुणाला करू देत नाहीत. सून पाटवडी थापते किंवा पीठ मळून ठेवते. मुलगा रात्रपाळीला नसेल तर डबे, झाकणं, रबरी रिंग पुसून कोरडे लावतो. पहाटे माझ्याकडे भात आणि पोळ्या. नात उठली की तिचं काम परातीतल्या भाताला वारा घालणं. गोळ्यांच्या दिवशी पुरचुंड्याही तिच्याच. पाच-सहा वर्षांच्या लेकराला शेंगा सोलणं, तीळ लावणं जमतं. आठ-नऊ वर्षांत गोळे आणि गाजराच्या चकत्या, जवळ मोठं माणूस असताना. एकदा डबा स्वतः भरला की परत आणायचं प्रमाण कमी होतं, हा माझा अनुभव आहे.

याच्या पुढची पायरी एका जपानी शाळेने दाखवली. २००१ साली कागावा प्रांतातल्या ताकिनोमिया प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक काझुओ ताकेशिता यांनी ‘बेंतोचा दिवस’ सुरू केला. पाचवी-सहावीच्या मुलांनी काय करायचं ते ठरवायचं, सामान आणायचं, शिजवायचं, भरायचं, भांडी घासायची. आईवडिलांनी मदत करायची नाही, ही अट. पुढे जपानभरच्या अनेक शाळांनी हे उचललं.

आम्ही महिन्यातला एक शनिवार तसा ठरवला. पहिल्या वेळी नातीने आदल्या दिवशी वहीत यादी केली, शंभर रुपये घेऊन बाजारातून बरबटी, गाजर आणि अंडी आणली. सकाळी मला म्हणाली, “आजी, तू फक्त इथे बस. बोलू नको.” मी गॅसपासून दोन हातांवर पाटावर बसले. ऑम्लेटचा दुसरा थर करपला. तिने तो तुकडा सोलून काढला, ताटलीत बाजूला ठेवला, पुन्हा तवा पुसला आणि तेल लावलं. कणीक सैल झाली तेव्हा माझ्याकडे बघितलं, मी गप्प राहिले, मग तिनेच पिठाचा डबा ओढला. पोळ्या चारही दिशांना वेगवेगळ्या झाल्या. सगळं पंख्याखाली गार केलं, पळसाचं पान कातरून मधे लावलं, डबा हलवून कान लावला. आवाज आला म्हणून मूठभर फुटाणे शोधून आणले. तो डबा तिच्या बाबांच्या दुसऱ्या पाळीचा होता. गमछ्यात मधोमध ठेवून समोरासमोरच्या टोकांची गाठ मारून दिली, जपानी लोक चौकोनी कापडात बांधतात तसा. घरी असं करायचं ठरवलंत तर दोन गोष्टी सांभाळा: गॅस आणि सुरी यांच्यापाशी मोठं माणूस हजर असू द्या, आणि त्या माणसाला तोंड मिटून बसता आलं पाहिजे.

शेवटचं काम संध्याकाळचं आणि ते टाळलं जातं. आलेला डबा तसाच मोरीत टाकू नका. आधी उघडून बघा. काय उरलं, कुठे पाणी सुटलं, पोळी कडक झाली का, हे तिथे दिसतं. आमच्याकडे फ्रिजवर एक जुनं कॅलेंडर आहे, त्याच्या चौकोनांत नात लिहिते: ‘गोळे संपले’, ‘बरबटी अर्धी परत’, ‘बाबांना चटणी जास्त हवी’. मग झाकणाची रबरी रिंग काढून खाचेतलं साठलेलं काढा, गरम पाणी आणि साबणाने घासा, फडक्याने पुसून डबा, झाकण, रिंग वेगवेगळे पालथे ठेवा. ओलसर डब्यावर झाकण लावून ठेवलं की सकाळी त्याला वास येतो, आणि मग आत कितीही चांगलं भरलं तरी उघडणाऱ्याच्या नाकात आधी तोच जातो.